कुठला आवाज कमी झाला? ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमधील नियंत्रणांविषयी

गाणे मुद्रित करायला संगणकापुढे बसलेल्या माणसाच्या हाताशी आवाज कमी-जास्त करण्याच्या किमान सहा जागा असतात. माइक ज्या ऑडिओ इंटरफेसला जोडलेला असतो त्यावरचा गेनचा नॉब, संगणकाच्या सेटिंगमधली इनपुटची पातळी, प्रत्येक ट्रॅकचा फेडर, मुद्रित झालेल्या तुकड्याची स्वतःची पातळी, सगळ्या ट्रॅकांची बेरीज जिथे होते तो मास्टर फेडर आणि शेवटी हेडफोनचा व्हॉल्यूम. यांतले काहीही हलवले तरी कानाला लगेच जाणवणारा परिणाम जवळजवळ एकच असतो, आवाज वाढतो किंवा उतरतो. गाण्यावर होणारा परिणाम मात्र पूर्णपणे वेगळा असतो. गेन बदलला की मुद्रणच बदलते, आणि ते मागाहून दुरुस्त करता येत नाही. फेडर बदलला की मुद्रण तसेच राहते, इतर वाद्यांशी असलेले त्याचे नाते बदलते. हेडफोनचा व्हॉल्यूम बदलला की गाण्यात काहीच बदलत नाही, बदलतो तो फक्त ऐकणाऱ्याचा अनुभव. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे वापरणाऱ्याला न सांगता, न शिकवता, नियंत्रणाच्या जागेवरून आणि आकारावरून कळले पाहिजे, आणि पातळीच्या नियंत्रणांची रचना करणाऱ्याचे पहिले काम हेच आहे, असे मला ठामपणे वाटते. रंग, सावल्या, धातूचा भास देणारे नॉब हे सगळे त्यानंतरचे. पुढील पानांत या विषयाचे जे तपशील येतील ते या एका कसोटीवर तपासून पाहावेत, म्हणून ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

मुळात हा प्रश्नच नव्हता, कारण नियंत्रण नावाची वस्तूच नव्हती. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा गळा आणि तबकडी यांच्यामध्ये विजेचे काहीही नव्हते. आवाज कर्ण्यात शिरे, त्याच्या टोकाशी असलेला पातळ पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरी. पातळी ठरे ती कर्ण्यापासूनच्या अंतरावर. तार सप्तकात जाताना गायकाने मागे सरायचे, मंद्रात पुढे यायचे, आणि साथीदारांनी आपल्या वाद्याच्या ताकदीप्रमाणे जवळ किंवा लांब बसायचे. १९२५ मध्ये विजेवर चालणारे मुद्रण आले आणि हे अंतराचे काम बऱ्याच अंशी नॉबकडे गेले. तरीही जे मुद्रित होत होते तेच अंतिम मिश्रण होते. मुद्रणाची पातळी आणि वाद्यांचा परस्पर तोल हे दोन निर्णय एकाच क्षणी, एकाच हालचालीत होत. अनेक ट्रॅकांच्या मुद्रणाने ते वेगळे केले. १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीने लेस पॉल यांना आठ ट्रॅकांचे यंत्र दिले, आणि आज गायलेले उद्या किती पुढे ठेवायचे हे उद्याच ठरवता येऊ लागले. एका आवाजाचे तीन निर्णय झाले ते इथून: किती घ्यायचा, किती ठेवायचा आणि ठरवताना किती ऐकायचा.

कन्सोल बनवणाऱ्यांनी या तीन निर्णयांना तीन जागा दिल्या. प्रत्येक वाद्याच्या उभ्या पट्टीत अगदी वरच्या टोकाला गेन, जिथे हात मुद्दाम न्यावा लागतो. अगदी खाली, तळहात टेकतो तिथे फेडर. आणि ऐकण्याच्या पातळीचा नॉब पट्ट्यांच्या बाहेर, मधल्या वेगळ्या भागात. फेडर सरळ रेषेत सरकणारा असावा याचे श्रेय बहुधा अटलांटिक रेकॉर्ड्सच्या टॉम डाउड यांना दिले जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या कन्सोलवर मोठ्या गोल नॉबांऐवजी सरकत्या पट्ट्या बसवल्या. गोल नॉब एका हाताने एकच फिरतो, फार तर दोन. सरकते फेडर जवळजवळ बसवले की एका हाताच्या बोटांखाली तीन-चार येतात आणि एक वर जाताना दुसरा खाली नेता येतो. म्हणजे फेडरचा आकार दिसण्यासाठी ठरलेला नाही, तोल साधणे हे तुलनेचे काम आहे म्हणून ठरलेला आहे. शेजारी उभे असलेले आठ फेडर दुरून पाहिले तरी कोण पुढे आणि कोण मागे याचा अंदाज येतो. आठ गोल नॉबांच्या खुणा वाचाव्या लागतात.

पडद्यावर आल्यावर जागांचे हे शहाणपण विरले. डिजिडिझाइनचे प्रो टूल्स १९९१ मध्ये आले तेव्हा त्यात चार ट्रॅक होते. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी सुरू केलेले ऑडॅसिटी २००० मध्ये लोकांच्या हाती आले, आणि फुकट व मुक्त असल्यामुळे असंख्य लोकांचे ते पहिले मुद्रण-सॉफ्टवेअर ठरले. पडद्यावर जागा कमी, माउसला बोट एकच, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे तयार स्लायडर हाताशी. त्यामुळे मुद्रणाची पातळी, ट्रॅकची पातळी आणि ऐकण्याची पातळी या तिन्हींसाठी एकाच रूपाचा छोटा आडवा स्लायडर वापरला जाऊ लागला. ऑडॅसिटीच्या अनेक आवृत्त्यांत मुद्रणाचा आणि ऐकण्याचा असे दोन स्लायडर शेजारी-शेजारी आहेत, फरक सांगणारे चित्र म्हणजे एक चिमुकला माइक आणि एक चिमुकला स्पीकर. ऑडॅसिटीने संगीत आणि संवाद मुद्रित करण्याचे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले, त्याबद्दलची कृतज्ञता मनात ठेवूनच हे म्हणतो आहे. पण या रचनेतून उद्भवणारा गोंधळ नवशिक्याच्या निष्काळजीपणाचा नाही, पडद्याने दिलेल्या माहितीचा आहे.

गोंधळ असा. मुद्रण फार हळू येते आहे असे वाटले की नवा माणूस ट्रॅकचा फेडर वर नेतो, कारण तोच समोर असतो. त्याने मुद्रणात काहीच फरक पडत नाही. फेडर हा मुद्रित झाल्यानंतरच्या वाटेवर असतो. उलट प्रसंगी आवाज फाटू लागला की तोच फेडर खाली आणला जातो, आणि आवाज फाटलेलाच राहतो. दूध करपल्यावर ते पेल्यात कमी ओतल्याने करपट चव जात नाही, तसेच हे आहे. इनपुटवर लहरींची शिखरे एकदा कापली गेली की पुढचा कुठलाही फेडर ती परत आणू शकत नाही. वास्तविक आजच्या चोवीस बिटांच्या मुद्रणात सुमारे १४४ डेसिबलचा सैद्धांतिक पल्ला असतो, सोळा बिटांच्या सीडीचा ९६. म्हणजे शिखरे कमाल मर्यादेच्या दहा-बारा डेसिबल खाली राहतील इतका गेन ठेवला तरी काही बिघडत नाही. आलापात कुजबुजणारा आणि तानेत गर्जणारा गायक मुद्रित करताना तर ही मोकळी जागा हवीच. एवढी सोय असताना आवाज फाटतो तो जागेच्या गोंधळामुळे. म्हणून इनपुटची पातळी दाखवणारे नियंत्रण फेडरसारखे दिसू नये, आणि ट्रॅक मुद्रणासाठी तयार केला की मीटर इनपुट मोजतो आहे हे मीटरवरच दिसावे. ज्या इंटरफेसचा गेन सॉफ्टवेअरमधून बदलताच येत नाही तिथे खोटा स्लायडर दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणे बरे.

ऐकण्याच्या पातळीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज मंद असताना मानवी कान खर्जाला फार कमी प्रतिसाद देतो, आणि आवाज मोठा होत जाईल तसा हा भेद कमी होतो. तबल्याच्या जोडीचा विचार करू. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात मिश्रण करणाऱ्याला डग्गा दबलेला वाटतो, तो डग्ग्याचा ट्रॅक वर नेतो. तेच गाणे सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर वाजले की डग्गा घुमू लागतो आणि गायकाचे शब्द बुडतात. येथे तोल चुकला तो कानाच्या स्वभावामुळे, आणि त्यावर उपाय म्हणजे ऐकण्याची पातळी ठरावीक ठेवणे, ती बदलली तर जाणीवपूर्वक बदलणे. चित्रपटांच्या मिश्रणगृहांत ऐकण्याची पातळी मोजून बांधून ठेवतात ती यासाठीच. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मात्र ऐकण्याच्या पातळीला स्वतःची जागाच नसते. हेडफोन मोठा वाटला की हाताशी असतो मास्टर फेडर. तो खाली येतो, कान सुखावतात, आणि निर्यात केलेली फाइल तेवढीच हळू होते. ही फाइल दुसऱ्या गाण्यांच्या शेजारी वाजली की फिकी वाटते, मग तिला दाबून मोठे करायचे उपाय सुरू होतात. एक वेगळा, फाइलला अजिबात न शिवणारा, स्पष्टपणे ‘ऐकण्यासाठी’ म्हटलेला नॉब दिला असता तर ही साखळी सुरूच झाली नसती.

आता खुद्द फेडरच्या प्रवासाकडे वळू, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा हात इथे सर्वांत जास्त चुकतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्लायडरच्या शून्य ते एक या आकड्याने ध्वनीच्या नमुन्यांना गुणणे. तसे केले की पट्टीच्या मध्यावर आवाज फक्त ६ डेसिबलने उतरतो, तळापासून एक दशांश अंतरावर २० डेसिबलने, आणि त्याखालचे सगळे मंद जग, म्हणजे तानपुऱ्याला गायकामागे अलगद बसवायचे, खोलीचा नाद हळूच विरवायचा ते सगळे, उरलेल्या एक दशांशात कोंबले जाते. वरचा अर्धा भाग जवळपास निरुपयोगी ठरतो आणि तळाशी केसभर हललेल्या माउसने आवाज नाहीसा होतो. दुसरे टोक म्हणजे पट्टी डेसिबलांत समान वाटणे. ऑडॅसिटीच्या ट्रॅकवरचा स्लायडर अनेक आवृत्त्यांत उणे ३६ ते अधिक ३६ डेसिबल असा होता. हा एकूण ७२ डेसिबलांचा पल्ला साठ पिक्सेल लांबीच्या पट्टीत बसवला तर दर पिक्सेलला १.२ डेसिबल येतात. मिश्रणात साधारण एक डेसिबलचा फरक सरावलेल्या कानाला कळतो, अनुकूल स्थितीत त्याहून लहानही. म्हणजे कान जितका बारीक फरक ओळखतो तितका माउस करूच शकत नाही. कन्सोलच्या शंभर मिलिमीटर लांबीच्या फेडरने तिसरा मार्ग काढला होता. शून्य डेसिबल, म्हणजे आवाज जसा आला तसा पुढे जाणे, ही खूण साधारण तीन-चतुर्थांश उंचीवर. तिच्या आसपास, जिथे तोलाचे जवळजवळ सगळे काम होते, खुणा विरळ, म्हणजे हालचाल बारीक. तळाकडे खुणा दाट, कारण तिथे आवाज विरवण्यापलीकडे काम नसते. अगदी खाली पूर्ण शांतता. लॉजिक आणि एबलटन लाइव्हमध्ये फेडर अधिक ६ पर्यंत जातो, प्रो टूल्समध्ये अधिक १२ पर्यंत, पण प्रवासाची ही वाकलेली आखणी बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरने उचलली आहे. त्यामागे जुन्या वस्तूची माया नाही, कानाच्या गरजेचा हिशेब आहे. शिवाय पडद्यावर काही गोष्टी जास्तीच्या देता येतात आणि त्या द्यायलाच हव्यात: आकडा टाइप करण्याची सोय, एक कळ दाबून बारीक सरकवण्याची सोय, दोनदा क्लिक केले की शून्यावर परतण्याची सोय. आणि फेडर झटकन हलला तरी ध्वनीची पातळी काही मिलिसेकंदांत सरळ उताराने बदलावी, पायऱ्यापायऱ्यांनी नको, नाहीतर लांब धरलेल्या स्वरावर खरखर उमटते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो सद्भावनेने येतो. डेसिबल, उणे, अधिक, अनंत ही भाषा अभियंत्यांची, भजनी मंडळाचे गाणे मुद्रित करणाऱ्याला ती कशाला, त्याला शून्य ते शंभर द्या. मोबाइलवर गाणे ऐकताना शून्य ते शंभर योग्यच आहे, कारण तिथे एकच आवाज असतो आणि तो फक्त ऐकायचा असतो. मिश्रणात मात्र दोन आवाजांचे नाते सांभाळायचे असते. समजा गायकाचा ट्रॅक ८० वर आहे, टाळांचा २० वर, आणि दोन्ही थोडे खाली घ्यायचे म्हणून प्रत्येकी दहा कमी केले. हे आकडे नमुन्यांच्या गुणकाचे असतील तर गायक जेमतेम १.२ डेसिबल उतरला आणि टाळ ६ डेसिबल. सारखी वजाबाकी केली आणि तोल मोडला. डेसिबलमध्ये दोन्हीतून ३ वजा केले तर त्यांचे नाते जसेच्या तसे राहते, म्हणूनच गटाचा एक फेडर अनेक ट्रॅकांना एकत्र हलवू शकतो. नवशिक्याचा खरा अडसर शब्दाचा नसून शून्याचा असतो, शून्य म्हणजे शांतता ही त्याची रास्त समजूत असते. त्यावर तोडगा सोपा आहे. शून्याची खूण ठळक करावी, फेडर तिथे आला की किंचित अडखळावा, आणि नवा ट्रॅक नेहमी तिथेच उघडावा. आठवडाभरात माणूस ती खूण ‘मूळ आवाज’ म्हणून वाचू लागतो. सोपे करणे म्हणजे खोटे करणे नव्हे, हे भान सॉफ्टवेअरच्या जगात सुटत चालले आहे याचे मला वाईट वाटते.

म्यूट आणि सोलो या दोन छोट्या बटणांत तर सगळा वाद एकवटलेला आहे. दिसायला दोन्ही जुळी, एम आणि एस, शेजारी-शेजारी. अर्थाने ती दोन टोकांची आहेत. म्यूट हा गाण्याविषयीचा निर्णय असतो, या कडव्यात बासरी नको. सोलो हा बहुधा ऐकण्याविषयीचा निर्णय असतो, बासरीत फुंकरीचा आवाज येतो का ते पाहण्यापुरती ती एकटी ऐकू. कन्सोलवर हा फरक तारांच्या पातळीवर पाळता येत असे. फेडरच्या आधी किंवा नंतर ऐकवणारा सोलो फक्त ऐकण्याच्या वाटेवर जाई, मुख्य मिश्रण अखंड पुढे जात राही. त्यामुळे कार्यक्रम चालू असतानाही तंत्रज्ञ निर्धास्तपणे एखादा माइक तपासू शके. बाकी सगळ्यांना खरोखर गप्प करणारा दुसरा प्रकारही होता, पण तो धोकादायक म्हणून जपून वापरला जाई आणि काही पट्ट्यांना त्यापासून वाचवण्याची वेगळी सोय असे. सॉफ्टवेअरने प्रामुख्याने हा दुसराच प्रकार उचलला. परिणाम असा की ऑडॅसिटीत सोलो दाबलेला राहिला आणि निर्यात केली तर फाइलमध्ये तो एकच ट्रॅक जातो. म्यूट केलेले ट्रॅक वगळणे योग्यच, कारण तो वापरणाऱ्याचा निर्णय आहे. सोलोमुळे गप्प झालेले ट्रॅक वगळणे म्हणजे तपासणीसाठी केलेल्या कृतीला निर्णय समजणे. याची एक बाजू मला मान्य आहे, काही जण फक्त ढोलकीची फाइल हवी म्हणून मुद्दाम सोलो करून निर्यात करतात. त्यांची सोय मोडू नये. पण मग निर्यातीच्या खिडकीत स्वच्छ लिहिलेले असावे की सोलो चालू असल्यामुळे अमुक ट्रॅक यात नाहीत. सोलोमुळे गप्प झालेल्या ट्रॅकवरही काहीतरी खूण हवी. तिसाव्या ट्रॅकवर राहिलेला सोलो पडद्याच्या बाहेर असतो, आणि समोरच्या ट्रॅकवर सगळे ठीक दिसत असूनही तो का वाजत नाही हे शोधण्यात वेळ आणि गायकाची मनःस्थिती दोन्ही जातात. ऑडॅसिटीनेच एक चांगला विचार केला आहे: सोलो एका वेळी एकाच ट्रॅकचा असावा की अनेकांचा, हे तिथे निवडता येते.

रंगांची स्थिती तर बोलकी आहे. मुद्रणासाठी तयार असलेला ट्रॅक सर्वत्र लाल. म्यूट आणि सोलोबद्दल मात्र ज्याचा त्याचा कायदा. प्रो टूल्समध्ये सोलो पिवळा, क्यूबेसमध्ये म्यूट पिवळा आणि सोलो लाल, रीपरमध्ये म्यूट लाल आणि सोलो पिवळा, एबलटन लाइव्हमध्ये सोलो निळा. एका स्टुडिओतून दुसऱ्यात जाणाऱ्या रेकॉर्डिस्टला पिवळा दिवा दिसला तर तो ट्रॅक गप्प आहे की एकटाच वाजतो आहे हे रंगावरून सांगता येत नाही. ज्या पुरुषांना लाल-हिरव्यात भेद करता येत नाही त्यांची संख्या लहान नाही, त्यामुळे रंगाबरोबर अक्षर, आकार किंवा जागा यांचाही आधार लागतोच.

मीटर आणि पॅनबद्दल थोडक्यात. मीटर कुठे मोजतो हे न सांगणारा मीटर दिशाभूल करतो. फेडरच्या आधी मोजणारा मीटर मुद्रण कसे झाले ते सांगतो, फेडरच्या नंतरचा मिश्रणात किती जाते ते. प्रो टूल्स आणि आर्डरमध्ये ही जागा निवडता येते, पण निवडलेली जागा मीटरकडे पाहून लक्षात यायला हवी. बत्तीस बिट तरंगत्या अंकांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या ट्रॅकचा मीटर लाल झाला तरी बहुधा काही बिघडत नाही, मास्टर लाल झाला तर बिघडते. दोन्हीकडे एकच लाल दिवा लावणे म्हणजे घाबरवणेही आणि बेसावध करणेही. आणि शिखर मोजणारा मीटर आवाज किती मोठा वाटेल ते सांगत नाही. १९३९ मध्ये ठरलेला व्हीयू मीटर सुमारे तीनशे मिलिसेकंदांची सरासरी दाखवी, म्हणून तो कानाच्या जवळचा वाटे. २०१० मध्ये युरोपीय प्रसारण संघाने उणे २३ एलयूएफएसची शिफारस केली तीही शिखराऐवजी जाणवणाऱ्या मोठेपणावर बोट ठेवण्यासाठीच. पॅनच्या बाबतीत, आवाज मधून बाजूला नेताना तो मोठा किंवा लहान झाल्यासारखा वाटू नये म्हणून मध्यावर साधारण तीन ते सहा डेसिबलची भरपाई केली जाते, आणि ती किती हे प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळे ठरवते. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधले काम दुसऱ्यात उघडले की तोल किंचित सरकतो.

वेळेनुसार बदलणारा फेडर हा यापुढचा पेच. जुन्या संगणकीय कन्सोलांपैकी ज्यांत आवाज विजेच्या दाबाने नियंत्रित होई, त्यांत आठवणीतले बदल वाजत असताना फेडर मात्र जागचा हलत नसे. समोर दिसते एक, ऐकू येते दुसरे, आणि बदल करायचा तर आधी फेडर खऱ्या पातळीशी जुळवून घ्यावा लागे. १९७७ च्या सुमारास नीव्ह कंपनीने नेकॅम या आपल्या संगणकीय व्यवस्थेत फेडरला मोटर बसवली आणि तो स्वतःच वर-खाली होऊ लागला. महागडी गोष्ट होती, पण दृष्टी आणि श्रवण पुन्हा एकत्र आले. पडद्यावर फेडर हलवायला मोटर लागत नाही, तरी तिथे नवा गोंधळ आहे. ऑटोमेशन लिहिलेले असताना माणूस फेडर खाली आणतो, गाणे सुरू करतो आणि फेडर उडी मारून जुन्या जागी जातो. त्याला वाटते सॉफ्टवेअर बिघडले. खरे तर एकाच फेडरकडे दोन कामे दिलेली असतात, या क्षणी किती आहे ते दाखवणे आणि मी किती ठरवले ते साठवणे. ही दोन मूल्ये दोन खुणांनी दाखवली, म्हणजे लिहिलेली रेघ वेगळी आणि तिच्यावर केलेली एकूण वाढ-घट वेगळी, तर उडीचे कारण समजते. ‘मागे घ्या’ या आज्ञेचाही हाच पेच. फेडरची प्रत्येक हालचाल त्या यादीत घातली तर कापाकापीचे महत्त्वाचे टप्पे खाली दबतात, न घातली तर चुकून हललेला फेडर परत मिळत नाही. क्यूबेसने नवव्या आवृत्तीत मिश्रणाच्या बदलांसाठी वेगळा इतिहास ठेवला, तो मला योग्य मार्ग वाटतो, कारण मुद्रणावरचे निर्णय आणि तोलावरचे निर्णय तिथे वेगळे राहतात.

इथे अनुभवी माणूस म्हणेल की हे सगळे अति झाले. चांगला रेकॉर्डिस्ट डोळ्यांनी नाही, कानांनी काम करतो, आणि कुठल्याही विचित्र रचनेची त्याला सवय होते. दोन्ही विधाने खरी आहेत. पण कान मोकळा राहावा म्हणूनच हात आणि डोळा यांना शंका उरू नये. ‘हा कुठला व्हॉल्यूम’ असा विचार मनात आला की तेवढा वेळ ऐकणे थांबते. आणि सवय झालेल्यांची साक्ष अपुरी आहे, कारण ज्यांना सवय झाली नाही ते हे काम सोडून गेलेले असतात आणि साक्ष द्यायला उरत नाहीत. पूर्वी स्टुडिओत वर्षानुवर्षे उमेदवारी करून ही जाण येई. आज गावातला कीर्तनकार, शाळेतली संगीतशिक्षिका, परदेशात वाढणारी मराठी मुले स्वतःच माइक लावून मुद्रण करतात. त्यांना शिकवणारा वरिष्ठ शेजारी नसतो, पडदाच शिकवतो.

दृष्टिहीन संगीतकारांच्या वापरातून या कसोटीला सर्वांत भक्कम आधार मिळतो. एनव्हीडीएसारखा पडदा वाचणारा प्रोग्रॅम, किंवा रीपरसाठी लोकांनी मिळून घडवलेले ओसारा हे जोडसॉफ्टवेअर, फेडरची स्थिती शब्दांत सांगते: तिसरा ट्रॅक, हार्मोनियम, उणे ६ डेसिबल, म्यूट. ज्या नियंत्रणाची अवस्था अशी एका वाक्यात सांगता येत नाही, जी फक्त चित्राच्या कोनावर किंवा रंगाच्या छटेवर अवलंबून आहे, ती त्यांना मिळतच नाही. गोल नॉब माउसने वर्तुळात फिरवायचा की वर-खाली ओढायचा हा डोळसांचा वाद त्यांच्यासाठी निरर्थक आहे, त्यांना बाणाची कळ दाबल्यावर नेमके किती बदलले ते हवे. रचनाकाराने प्रत्येक नियंत्रणासाठी हे वाक्य आधी लिहावे आणि चित्र नंतर काढावे असे मी सुचवेन. वाक्य लिहिताना अडखळायला झाले तर सहसा असे आढळते की त्या नियंत्रणात मुद्रण, तोल आणि ऐकणे यांपैकी दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे: यंत्रच मिश्रण करू लागले तर फेडर कशाला? सभेतल्या अनेक माइकांची पातळी आपोआप सांभाळणारी व्यवस्था डॅन डुगन यांनी १९७० च्या दशकातच उभी केली होती, आणि भाषणासाठी ती उत्तम चालते, कारण तिथे बोलणाऱ्याला पुढे आणायचे हा हेतू ठरलेला असतो. गाण्यात हेतू ठरलेला नसतो. नाट्यपदात ऑर्गन गायकाच्या किती जवळ हवा, लावणीत ढोलकीने कुठे पुढे यावे, अभंगात टाळ शब्दांवर चढू द्यावेत की नाही, यांची उत्तरे परंपरेत आणि गाणाऱ्याच्या मनात असतात. यंत्राने सुचवलेला तोल ही चांगली सुरुवात असू शकते, मी तिच्या विरोधात नाही. पण यंत्राने कुठला फेडर किती हलवला, मुद्रणाला हात लावला की फक्त तोलाला, हे त्याच फेडरवर, त्याच आकड्यांत दिसले पाहिजे आणि एकेक करून परत फिरवता आले पाहिजे. नाहीतर पहिल्या सहा जागांमध्ये एक सातवी अदृश्य जागा जमा होईल, आणि गायिका विचारील की माझा आवाज मागे का गेला, तेव्हा उत्तर शोधायला बोट ठेवण्यासारखे पडद्यावर काहीच नसेल.